जबाब कोणत्या भाषेत?



दिवाळीनंतर एका गावात वनहक्क दाव्याची मोका पाहणी झाली, तेव्हा आम्ही तिथे होतो. गावाचे नाव लिहीत नाही, दावा अजून चालू आहे. जबरानजोतीचा तुकडा, खाली धानाच्या तीन बांध्या, वर उतारावर कोसरी. साक्ष द्यायला गावातला सगळ्यात म्हातारा माणूस काठी टेकत आला. त्याला मराठी येत नाही. तो गोंडीत बोलला, आणि एका जागी उभा राहून नाही, चालत चालत बोलला. हा बांध पुराच्या वर्षी फुटला आणि पुन्हा घातला. ह्या मोहाच्या झाडापर्यंत दावेदाराच्या बापाने झुडपे तोडली, ते माझ्या लग्नाचे वर्ष. कडेला दगड उभा आहे तो दावेदाराच्या आजीचा, ती मेली तेव्हा नाल्यातून आम्ही सात जणांनी ओढून आणला. गार्ड दरवर्षी कोंबडा न्यायचा, पावती कधी दिली नाही. बुढा अर्धा तास बोलला.

कागदावर काय आले? "सदर जमीन अर्जदार अनेक वर्षांपासून कसत असल्याचे साक्षीदार सांगतो." एक ओळ. खाली अंगठा.

फेब्रुवारीत कागद वरून परत आला. पुरावा अपुरा, फेरविचार करावा.

आता पाहा. २००६ चा कायदा म्हणतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात पाहिजे. "अनेक वर्षे" या शब्दांत ती तारीख कुठे आहे? २००८ च्या नियमांतला १३ वा नियम सांगतो की जमिनीवर घातलेले बांध, विहिरी, मसणवट, देवाच्या जागा, वंशावळ, आणि दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, हे सगळे पुरावे आहेत. बुढ्याने बांध दिला, दगड दिला, तीन पिढ्या दिल्या, स्वतःची साक्ष दिली. हे सगळे गोंडीतून मराठीत येताना वाटेत सांडले.

दोष कोणाचा? लिहिणाऱ्याला गोंडी येत नव्हती. मध्ये उभा राहून सांगणारा पोरगा आपल्याच गावचा होता, सहावीपासून आश्रमशाळेत राहिलेला. बुढा एवढे बोलतो आहे आणि त्यातले आपल्याला अर्धे कळत नाही, हे त्याला सगळ्यांसमोर बोलवेना. "खूप वर्षांपासून म्हणतात" असे सांगून तो मोकळा झाला. त्याची मराठी साहेबासमोर अडते आणि गोंडी आजोबासमोर अडते. आम्ही त्याला रागावलो नाही. पण ही गोष्ट मनात राहिली आहे, म्हणून या अंकात जमिनीच्या आधी भाषेबद्दल लिहून राहिलो आहोत. हा विषय जमिनीचाच आहे.

मागच्या महिन्यात तोच जबाब दुसऱ्यांदा लिहिला. या वेळी गावातली बारावी झालेली एक पोरगी वही घेऊन बुढ्याजवळ बसली, आणि बाजूला तिची आजी. आधी तिने बुढ्याचे शब्द जसेच्या तसे गोंडीत, पण शाळेतल्या अक्षरांत लिहिले. मग त्याच्याखाली मराठी. दोन दिवस गेले. चार पाने झाली. पुराचे वर्ष कोणते ते ठरवायला त्याच वर्षी जन्मलेल्या माणसाचा शाळेचा दाखला शोधला. नाल्याच्या वळणाचे नाव आणि एका जातीच्या जमिनीचे नाव तिलाही कळले नाही, ते आजीने सांगितले. शेवटी सगळा जबाब बुढ्याला गोंडीत वाचून दाखवला. एका ठिकाणी तो म्हणाला, असे नाही, तो बांध माझ्या नाही, माझ्या भावाच्या हातचा. दुरुस्त केले. मगच अंगठा घेतला.

म्हणजे एका जबाबाला पोरीची मराठी लागली, आजीची गोंडी लागली, आणि दोन्हीकडे पाय असलेले एक माणूस मध्ये लागले.

पण गावोगाव आम्हाला काय ऐकू येते? "घरात पोरांशी गोंडी बोलू नका, शाळेत मागे पडतात." हे बाहेरचा कोणी म्हणत नाही, आपलेच आईबाप म्हणतात. आपले काही कार्यकर्तेही म्हणतात. का म्हणतात ते आम्हाला माहीत आहे. ज्यांना पहिलीत गुरुजींची एक गोष्ट कळत नव्हती, लघवीला जायची परवानगी मागता येत नव्हती, गोंडी बोलले म्हणून बाकावर उभे केले, ते आता बाप झाले आहेत. आपल्या लेकराला तो दिवस दिसू नये असे त्यांना वाटते. यात चूक काढायला आम्हाला तोंड नाही. फक्त एवढे म्हणतो की त्यांनी उपाय चुकीच्या जागी केला आहे. लेकराची गोंडी काढून घेतली म्हणून मराठी आपोआप येत नाही. घरात आईला जेवढी मराठी येते तेवढीच, तुटकी, लेकराला मिळते, आणि शाळेत पुस्तकातली मराठी आली की ते पुन्हा तिथेच अडते. मुळात ही पुस्तकी मराठी आपल्या मराठी बोलणाऱ्या शेजाऱ्यांचीसुद्धा नाही. त्यांचे पोट्टे 'पानी' म्हणाले की त्यांनाही 'पाणी' म्हण म्हणून टोकतात.

लेकरू आधी स्वतःच्या भाषेत वाचायला शिकले की दुसरी भाषा त्याला लवकर येते. अक्षर म्हणजे काय आणि वाचणे म्हणजे काय हे एकदाच शिकावे लागते. मग दुसऱ्या भाषेचे शब्द तेवढे नवे असतात. प्राणहितेच्या पलीकडे, आदिलाबादच्या गोंड गावांत, हे एकदा करून पाहिले गेले आहे. १९४० मध्ये जोडेघाटला कुमराम भीम मारला गेला. जंगल आणि जमिनीसाठीचे ते बंड होते. त्यानंतर निजामाच्या सरकारला जाग आली आणि हायमेंडॉर्फ नावाच्या युरोपातून आलेल्या अभ्यासकाच्या सांगण्यावरून मारलावाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. तिथली पहिली पुस्तके गोंडी भाषेत, नागरी अक्षरांत होती. गोंड पोरांना गोंड शिक्षक गोंडीत वाचायला शिकवत. आणि त्याच काळात त्याच मुलखात गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याचेही काम झाले. शाळा आणि पट्टा हातात हात घालून आले. पुढे आंध्रात आणि ओडिशात काही शाळांतून आदिवासी भाषांत पहिले वर्ग सुरू झाले. आपल्याकडे असे का नाही, हा प्रश्न पुढच्या मोर्च्याच्या मागण्यांत घालावा असे आमचे मत आहे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला आहे. त्याच्या २९ व्या कलमात शक्य तिथवर लेकराच्या मातृभाषेत शिकवावे असे लिहिले आहे. 'शक्य तिथवर' या शब्दांत सरकारने स्वतःसाठी पळवाट ठेवली आहे. ती बुजवणे आपल्या हातात आहे.

आपल्याला भाषा शिकता येत नाहीत, आपले डोके तसले नाही, हे जे मनात भरवले आहे ते काढण्यासाठी आठवडी बाजारात जाऊन बसा. चारोळी, डिंक, मोह घेऊन आलेली बाई पाहा. तिचा अंगठा आहे, सही येत नाही. व्यापाऱ्याशी ती मराठीत भाव करते, कपडेवाल्याशी हिंदीत, कोरचीच्या बाजूला असेल तर छत्तीसगढीत, सिरोंचाच्या बाजूला असेल तर तेलुगूत. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे मासे घ्यायचे तर चार शब्द बंगालीही बोलते. आणि सोबतच्या बाईला डोळ्याने खूण करून गोंडीत सांगते, की हा पायली खोटी मापतो आहे. अशा माणसाला सरकारी कागदावर 'निरक्षर' एवढेच लिहितात. शिकलेल्या किती साहेबांना चार भाषांत भाव करता येतो ते विचारून पाहावे.

दोन वर्षांमागची तेंदूपत्त्याची एक गोष्ट काही जणांना आठवत असेल. दरावरून फळी बंद होती. ठेकेदाराचा दिवाणजी दोन दिवस "मालक एक रुपया वाढवत नाही" म्हणत बसला होता. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तो फोनवर तेलुगूत बोलला. आपल्याला काय कळते, असे समजून मोठ्याने बोलला. गावात सिरोंचाकडून आलेली एक सून होती. तिने सासूला गोंडीत सांगितले, मालकाने वाढवायला हो म्हटले आहे, पण हा उद्यापर्यंत थांबतो म्हणतो. सासू उठली आणि तीच गोष्ट दिवाणजीला मराठीत सांगितली. त्याचे तोंड पाहण्यासारखे झाले होते. दर त्याच संध्याकाळी वाढला. ती सून एरवी सभेत कधी बोलली नव्हती.

बायांचा विषय निघालाच आहे तर आमचीही एक चूक सांगून टाकतो. आपल्या सभा आम्ही कितीतरी वर्षे मराठीतच घेतल्या. बाहेरून आलेले वक्ते, मोठे मोठे शब्द. बाया भिंतीला टेकून बसायच्या आणि आम्ही म्हणायचो, बाया बोलत नाहीत. सामूहिक हक्काचा नमुना 'ब' भरताना हे अंगाशी आले. कंद कुठून आणता, रानभाजी कुठली, डिंक कोणत्या बाजूला, मासे कोणत्या डोहात, गुरे कोणत्या माळावर, हे सगळे त्यात लिहायचे असते. पुरुष दोन-चार जागा सांगून थांबले. मग एका गावात सभा गोंडीत घेतली. बाया अशा बोलायला लागल्या की लिहिणाऱ्याचे पान संपले. जागांची नावेच पन्नासच्या वर निघाली. प्रत्येक नावात काहीतरी माहिती होती, तिथे कोणते झाड होते, कोणाला माती दिली, पाणी केव्हा आटते. हीच नावे सरकारी नकाशात पाहिली तर ओळखू येत नाहीत. एका डोंगराच्या नावापुढे कोणीतरी 'मेट्टा टेकडी' लिहून ठेवले आहे. मेट्टा म्हणजेच डोंगर. म्हणजे 'डोंगर टेकडी'. हसू येते, पण सीमेचा वाद निघाला की हसण्यासारखे राहत नाही, कारण शेजारच्या गावाची हद्द दुसऱ्याच मेट्ट्यावरून जाते.

मेंढा (लेखा) गावाचे नाव सगळ्यांना माहीत आहे. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यांची घोषणा पाहा. दिल्ली-मुंबईत आपले सरकार, हे एक अंग. आणि 'मावा नाटे माटे सरकार', आमच्या गावात आम्हीच सरकार, हे दुसरे अंग. गावाबद्दलची गोष्ट त्यांनी गोंडीत ठेवली. पण तेच गाव अभ्यास गट करून बसले, मराठीतले कायदे आणि शासन निर्णय ओळीओळीने वाचले, साहेबाला त्याच्याच कागदातली ओळ बोट ठेवून दाखवली. फक्त गोंडीवर राहिले असते तर कागद वाचता आला नसता. फक्त मराठीवर आले असते तर सभेत अर्धे गाव गप्प राहिले असते.

कोणी म्हणेल, संविधानात आपल्या भाषेला जागा नाही, मग तिच्यात लिहून काय उपयोग? आठव्या अनुसूचीत नाही हे खरे आहे. २००१ च्या शिरगणतीत गोंडी बोलणारे २७ लाखांच्या वर निघाले, भिली आणि तिच्यात धरलेल्या बोली बोलणारे ९५ लाखांच्या वर. आणि संस्कृत मातृभाषा लिहिणारे देशभरात १४,१३५. संस्कृत अनुसूचीत आहे, गोंडी आणि भिली नाहीत. संथाळी आणि बोडो २००३ मध्ये घेतल्या गेल्या, त्याही त्या लोकांनी खूप वर्षे मागणी लावून धरल्यावर. पण अनुसूचीत नसले तरी हात बांधलेले नाहीत. संविधानाचे ३५० वे कलम म्हणते की राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत माणूस आपले गाऱ्हाणे कोणत्याही अधिकाऱ्याकडे देऊ शकतो. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे २७९ वे कलम म्हणत होते की आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल, तर त्याला समजणाऱ्या भाषेत ती भर कोर्टात सांगितली पाहिजे. जंगलाच्या केसमध्ये आपले किती लोक कोर्टात उभे राहिले, काय चालले ते न कळता मान हलवून आले! ते कलम त्यांच्यासाठीच होते. कोणी सांगितले नाही, आणि आपणही मागितले नाही.

म्हणून मराठी शिका असे आम्ही नुसते म्हणत नाही, आग्रह धरतो. सातबारा मराठीत आहे, नोटीस मराठीत आहे, दावा नामंजूर झाल्याचे पत्र मराठीत आहे, आणि त्या पत्रावर वर दाद मागायला साठ दिवसच असतात. पत्र कोणाकडून तरी वाचून घ्यायला दोन बाजार गेले की पंधरा दिवस संपले. हिंदीही शिका. आपला गोंड भाऊ सीमेच्या पलीकडे बस्तरमध्ये हिंदीत कागद भरतो, आदिलाबादमध्ये तेलुगूत भरतो, आणि तिघांचा कायदा एकच आहे. त्या दोघांशी बोलायला मात्र गोंडीच उपयोगी पडते. माडिया आणि धानोऱ्याकडची गोंडी यांत फरक आहे, पहिल्या दिवशी अडते, चौथ्या दिवशी जमते.

बाहेरून येऊन इथे काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे. हेमलकशाच्या दवाखान्यात डॉक्टर माडिया शिकले, तेव्हा पेशंटला काय दुखते ते त्यांना कळले. आपल्या संघटनेत काम करायला शहरातून येणाऱ्यांनी सहा महिन्यांत गोंडी बोलावे, असा ठराव मागच्या बैठकीत आला होता. त्यावर फार चर्चा झाली, ठराव मागे ठेवला गेला. आम्ही ठरावाच्या बाजूने होतो आणि अजून आहोत.

आणि आपल्यासोबत राहणारे ढिवर, गोवारी, दलित, कुणबी शेजारी? कायद्याने त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हटले आहे आणि त्यांच्याकडून पंचाहत्तर वर्षांचा रहिवास मागितला आहे. एवढ्या जुन्या गोष्टी आठवणारा माणूस पुष्कळदा गोंड म्हातारा असतो. त्यांच्या दाव्याला आपल्या बुढ्याची गोंडी लागते, आपल्या दाव्याला त्यांच्या पोराची मराठी लागते. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे शिकले तर दोघांचे काम अडणार नाही.

हे संपादकीय आम्ही मराठीत लिहितो आहोत, हे आमच्याही ध्यानात आहे. वाचता येणाऱ्यांना आज मराठीच वाचता येते, शिवाय वर सांगितलेले शेजारीही हे पत्रक वाचतात. पण पुढच्या अंकापासून शेवटचे पान गोंडीत असेल. अक्षरे नागरी. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये केलेली गोंडी लिपी वापरावी असे काही तरुण म्हणतात. त्यांचा अभिमान आम्हाला मान्य आहे. पण आमचा टाइपरायटर नागरी आहे, आणि ज्याला आज जबाब लिहायचा आहे त्याला येणारी अक्षरे नागरीच आहेत. लिपी हाताने स्टेन्सिलवर कोरून द्यायला कोणी तयार असेल तर एक चौकट जरूर छापू.

शिरगणती आली की शिरगणतीवाला घरी येईल. तो मातृभाषा विचारतो, आणि त्यापुढे येणाऱ्या आणखी दोन भाषाही विचारतो. मातृभाषा गोंडी किंवा माडिया, जी असेल ती सांगा. मराठी, हिंदी, तेलुगू जे येते ते पुढच्या रकान्यात सांगा. न विचारता 'मराठी' लिहून तो पुढे जाऊ लागला तर थांबवा. कागद पाहायला मागा.

जबाबाबद्दल आमचे सांगणे असे. गोंडीत वाचून दाखवल्याशिवाय कोणत्याही कागदावर अंगठा देऊ नका, मग समोर कोणीही साहेब असो. जबाब आधी गोंडीत लिहा, खाली मराठी, आणि शेवटी 'मला गोंडीत वाचून दाखवला, बरोबर आहे' ही ओळ. वाचणाऱ्याची सही वेगळी. वनहक्क समितीच्या वहीत जागेचे नाव गोंडीतच ठेवा आणि कंसात मराठीत सांगा की तो नाला आहे, डोंगर आहे की मसणवट.

आश्रमशाळेची पोरे आता सुट्टीत घरी आहेत. तेंदू तोडायला सकाळी जातील, दुपारी मोकळी असतील. एकेका पोराला एक वही द्या आणि आजा-आजीजवळ बसवा. आपल्या हद्दीतली सगळी नावे लिहून पावसाआधी आमच्याकडे पाठवा. बाजाराच्या दिवशी कार्यकर्त्याजवळ दिली तरी चालेल. वर सांगितलेल्या गावची चार पाने वर गेली आहेत, अजून उत्तर नाही. आले की छापू.